सेंद्रिय भाजी तुम्ही का घ्यायला लागलात? आणि थांबला असाल तर का थांबलात?

आर्द्रा (ठाणे)

आमच्या वसंत विहारमधल्या सोसायटीत गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मुरबाडकडच्या काही शेतकऱ्यांची भाजी येते. रासायनिक खत नाही, फवारणीचं औषध नाही. मागणी मी गोळा करते, गुरुवारी रात्री यादी पाठवते, रविवारी जिन्याखाली वजनकाटा घेऊन बसते. यात माझा एक रुपयाही नाही. हा प्रश्न येतोच, म्हणून आधी सांगितलं.

पहिल्या महिन्यात ४२ घरं होती. आज १३ आहेत.

माझं स्वतःचं कारण साधं होतं. मुलगी सहा महिन्यांची झाली, वरचं अन्न सुरू करायचं होतं. डॉक्टरांनी गाजर, दुधी, पालक उकडून गाळून द्या म्हणून सांगितलं. जांभळी नाक्यावरून आणलेला पालक मी तीनदा धुतला, उकडला, गाळला, आणि ती हिरवी वाटी हातात घेऊन उभी राहिले. तोपर्यंत तोच पालक मी वर्षानुवर्षं खात आले होते. तिला भरवायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, हा आला कुठून? कोणत्या पाण्यावर वाढला? लोकलमधून जाताना रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर डोलणारे पालेभाजीचे वाफे आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

त्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने मुरबाडला गेलो, शेत पाहिलं, आणि तिथून हे सुरू झालं. सोसायटीत सांगितलं तेव्हा प्रमाणपत्र आहे का असं फक्त दोघांनी विचारलं. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "तू स्वतः जाऊन बघून आलीस ना?"

आता मला खरंच समजून घ्यायचं आहे. तुम्ही सुरुवात कशामुळे केलीत? टिकलात तर कशामुळे? सोडलंत तर नेमकं काय झालं? ठाणे-नवी मुंबईतल्या लोकांनी लिहिलं तर जास्त उपयोग होईल, कारण आपला बाजार, भाव, अंतरं सारखीच आहेत. मनापासून लिहा, पुस्तकी नको.

चरईकर

चवीसाठी. गावठी वांग्याचं भरीत आणि दुकानातल्या चकचकीत वांग्याचं भरीत एकदा शेजारी ठेवून खा. माझं दुसरं काही कारण नाही.

खारघर_१२

मी भीतीमुळे सुरू केलं. बाबांना आतड्याचा कर्करोग निघाला. निदान झालं त्या रात्री मी घरातले सगळे डबे रिकामे केले. डाळ, तांदूळ, तेल, गूळ, मसाले, सगळं सेंद्रिय आणलं. दूध बदललं. महिन्याचा किराणा जवळजवळ दुप्पट झाला, पण तेव्हा हिशेब कोण करतं. चौदा महिने चाललं. बाबा गेले. त्यानंतर ती हिरव्या पानाची पाकिटं बघवेनात. परत वाण्याकडून नेहमीचं सामान आणायला लागलो.

आता आई आणि मी दोघंच. कधी कधी वाटतं, आधीपासून घेतलं असतं तर काही फरक पडला असता का? कोणाला शास्त्रीय माहिती असेल तर सांगा. समजूत घालू नका, जे आहे ते सांगा.

रानवाट (येऊर पायथा)

आर्द्राताई, तुमच्या प्रश्नाला थोडं वेगळं उत्तर.

आमच्या घरात सेंद्रिय हा शब्द कधी नव्हता. मृग लागला की आजी स्टेशनबाहेर बसणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या बायकांकडे जायची. शेवळं घ्यायची, सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मागून घ्यायची, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. मग टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, पुढे करटुली. ही भाजी कोणी पेरत नाही, कोणी फवारत नाही. तिच्यावर कसलं चिन्ह नसतं. पळसाच्या पानात गुंडाळलेला वाटा, बस.

आज माझ्याच इमारतीतल्या बायका ॲपवरून दुप्पट भावाने सेंद्रिय पालक मागवतात आणि त्या बाईसमोरून जाताना टाकळ्याकडे बघत नाहीत, कारण साफ कसा करायचा ते माहीत नाही. त्यांना नावं ठेवत नाहीये मी. सांगायचं एवढंच की विकत घेणाऱ्याच्या मनात "मला हे रांधता येतं" हेही एक कारण असतं. ते नसलं तर बाकी सगळं असून भाजी टोपलीत जात नाही.

ऐरोलीचा_काका

मी बत्तीस वर्षं अन्नपदार्थ तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळेत होतो, आता निवृत्त. खारघर_१२, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ लिहितो.

२०१८ साली फ्रान्समधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ६९ हजार प्रौढ. जे सर्वांत जास्त सेंद्रिय खात होते त्यांच्यात कर्करोगाचं प्रमाण सुमारे २५ टक्के कमी दिसलं. पण सेंद्रिय खाणारे लोक बहुतेक वेळा बाकीचंही बरंच सांभाळून करतात. वजन, व्यायाम, धूम्रपान नसणं, पैसा. ते सगळं वजा करण्याचा प्रयत्न संशोधक करतात, तरी पूर्ण वजा होत नाही. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक बायकांच्या पाहणीत एकूण कर्करोगात असा फरक दिसला नव्हता. म्हणजे तुमच्या बाबांचं काही वेगळं झालं असतं, असं सांगणारा पुरावा आज कोणाकडेही नाही. तुम्ही काही चुकलात, असं तर मुळीच नाही.

पोषणाचंही तसंच. २०१२ चा स्टॅनफर्डचा आढावा म्हणाला, जीवनसत्त्वांत ठळक फरक नाही, पण सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता कमी. २०१४ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ अभ्यास एकत्र पाहिले गेले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आढळले, तर कॅडमियम हा विषारी धातू आणि कीटकनाशकांचे अंश कमी आढळले. दोन्हीकडे एक गोष्ट जुळते. अंश कमी असतात. मी घरी सेंद्रिय घेतो ते याच एका कारणासाठी. "जास्त पौष्टिक" म्हणून घेत नाही.

आता पाकिटावर काय बघायचं, कारण फसवणूक इथेच होते. "नॅचरल", "फार्म फ्रेश", "विषमुक्त", "देशी" हे शब्द कोणीही छापू शकतो. आपल्याकडे सेंद्रिय म्हणून विकायचं तर दोन वाटा आहेत. एक एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), २००१ पासूनची, तिसऱ्या संस्थेकडून तपासणी, मुख्यतः निर्यातीसाठी उभी राहिलेली. दुसरी पीजीएस (सहभागी हमी पद्धत), यात गावातले किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. २०१७ च्या नियमांनंतर दोन्हींसाठी "जैविक भारत" हे चिन्ह आलं. सोबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. छोटा शेतकरी वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल करून थेट तुम्हाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र ते चिन्ह लावता येत नाही. म्हणजे आर्द्राताईंच्या शेतकऱ्याच्या पिशवीवर चिन्ह नसेल तर त्याचा अर्थ तो खोटा, असा होत नाही.

आणि हो, सेंद्रिय म्हणजे काहीच फवारत नाहीत असं नसतं. कडुनिंबाचा अर्क, मर्यादेत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही चालतं.

आर्द्रा

काका, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. एक विचारते. मिठाच्या पाण्यात, खाण्याच्या सोड्यात भाजी ठेवतात, त्याने औषध खरंच जातं का?

ऐरोलीचा_काका

वरवरचं बरंच जातं. २०१७ मध्ये अमेरिकेत सफरचंदांवर प्रयोग झाला होता. सोड्याच्या सौम्य पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावर लावलेल्या दोन औषधांचे अंश निघून गेले. पण दोन्ही औषधं थोडी आत मुरली होती, एक जास्त, एक कमी, तेवढी राहिली. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातूनच सगळीकडे पोचतात. ती धुऊन कशी जाणार? तरीही वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाच. माती, जंतू, वरचं औषध, तिन्हीसाठी.

कळवा_पूर्व

मला थोडं कडक लिहायचं आहे, राग मानू नका.

घरात दोन मुलं, सासूबाई, एक पगार. भेंडी बाजारात ८० ला असते तेव्हा सेंद्रिय १४० ला. पालकाची जुडी २० ला, ती ४५ ला. महिन्याचा फरक काढला तर मुलाच्या शिकवणीची फी निघते. अशा वेळी कोणी आईने दुसऱ्या आईला "मुलांना विष भरवू नकोस गं" म्हटलं की किती लागतं, ते ज्याला म्हटलं त्यालाच कळतं. मला म्हटलं आहे. शाळेच्या फाटकाबाहेर. त्यानंतर मी दोन महिने मुलांच्या डब्यात भाजी देताना हात आखडता घेत होते. पोळी-जाम, पोळी-तूप-साखर. बाजारच्या भाजीची भीती वाटत होती आणि दुसरी परवडत नव्हती.

हे नुकसान भाजीवरच्या औषधापेक्षा मोठं होतं असं मला आज वाटतं. काका, बरोबर आहे का माझं?

आता मी काय करते ते सांगते. सगळं सेंद्रिय घेत नाही. पालेभाज्या रुळाकडच्या घेत नाही, ओळखीच्या मावशी भिवंडीकडून आणतात त्यांच्याकडून घेते. गूळ काळाच घेते. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रोस नावाची रासायनिक पावडर टाकतात. हा फरक किलोमागे वीस-तीस रुपयांचा आहे आणि किलोभर गूळ महिनाभर जातो. तेवढं मला झेपतं.

ऐरोलीचा_काका

ताई, शंभर टक्के बरोबर आहे. भाजी-फळं न खाण्याचा तोटा हा त्यांच्यावरच्या अंशांच्या धोक्यापेक्षा मोठा आहे, यावर आहारतज्ज्ञांमध्ये वाद नाही. मुलांना बाजारची भाजी धुऊन, शिजवून, पोटभर द्या. ज्यांनी तुम्हाला तसं म्हटलं त्यांनी अर्धवट माहितीवर म्हटलं.

वऱ्हाडी_नेरूळ

मी यवतमाळची. दहा वर्षं झाली नेरूळला.

२०१७ चा पावसाळा संपता संपता आमच्याकडे काय झालं ते पेपरात आलं होतं. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी उंच वाढली, त्यात शिरून फवारायचं, औषध वरून तोंडावर येते. विसाच्या वर माणसं गेली जिल्ह्यात, शेकडो दवाखान्यात होती. माझा मामा त्यातला एक. तो वाचला. पण दोन दिवस त्याला दिसत नव्हतं. मामी सांगायची की त्याच्या अंगाला वास येत होता, आंघोळ घालूनही जात नव्हता.

तो मजूर. शेत त्याचं नव्हतं, औषध त्याने निवडलं नव्हतं, हातमोजे कोणी दिले नव्हते. रोजी मिळत होती म्हणून पंप पाठीवर घेतला.

कपाशी आपण खात नाही, मला समजते. पण तेव्हापासून मी भाजी घेताना माझ्या पोटाचा विचार आधी करत नाही. ही तोडायच्या आधी कोणीतरी फवारली असेल, त्याच्या तोंडाला फडकं तरी होतं का, हे येते मनात. मी सेंद्रिय घेते ते त्या पंपवाल्यासाठी. जेवढं जमते तेवढंच घेते, सगळं नाही जमत. सीवूड्सला एक गट आहे आमचा, आठ बायका. त्यातल्या सहाजणी मुलांच्या तब्येतीसाठी घेतात, एक सासऱ्यांच्या मधुमेहासाठी, आणि मी अशी. कोणाचं कारण मोठं, कोणाचं लहान, असं मी मानत नाही. भाजी एकाच टोपलीतून येते.

चरईकर

वऱ्हाडी_नेरूळ, वाचून स्तब्ध झालो. मामा आता कसे आहेत?

वऱ्हाडी_नेरूळ

बरे आहेत. शेळ्या पाळतात. पंप पुन्हा उचलला नाही.

जुन्नरकर_वाशी

मी तुर्भ्याला भाजी मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब बघतो. गाव जुन्नर तालुक्यात, घरी टोमॅटो, कोबी, मिरची. दोन्ही बाजू बघतो म्हणून लिहितोय.

आमच्याकडे विष म्हणत नाहीत, औषध म्हणतात. "औषध मारलं का?" असंच विचारतात. वांग्यावर शेंडे आणि फळ पोखरणारी अळी येते, ती एकदा फळात शिरली की वरून काही करता येत नाही. म्हणून आधीच मारतात, आठवड्याला, कधी चार दिवसांनी. प्रत्येक बाटलीवर लिहिलेलं असतं की फवारणीनंतर इतके दिवस तोडा करू नका. पण भाव चढला की कोण थांबतो? आज थांबलो आणि परवा भाव पडला, तर नुकसान कोण भरून देणार?

आणि रात्री दोन वाजता गाडी लागते तेव्हा भाव कशावर ठरतो? दिसण्यावर. एकसारखं, चकचकीत, डाग नाही. एक छिद्र असलेलं वांगं दिसलं की किरकोळवाला अख्खी गोणी खाली काढतो. तो तरी काय करील, सकाळी त्याच्या हातगाडीवर तुम्ही तेच करता. एकेक भेंडीचं टोक मोडून बघता, डाग दिसला की बाजूला. मी माझ्या आईला सांगतो, आई, तू ज्या वांग्याला नाक मुरडतेस ना, त्याला अळीने पास केलंय.

माझ्या वडिलांनी अर्धा एकर दोन वर्षं सेंद्रिय करून पाहिलं. पहिल्या वर्षी उत्पन्न निम्म्यावर आलं. नियमानुसार हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं जमीन बदलायला द्यावी लागतात, तोपर्यंत सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या मालाचा. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांनी सोडलं. मी त्यांना दोष देत नाही. त्या दोन वर्षांत कोणी गिऱ्हाईक "मी घेतो, भाव देतो, डाग चालेल" म्हणून उभं राहिलं असतं तर ते थांबले असते.

मुरबाड_माळरान

नमस्कार. आर्द्राताईंनी धाग्याची लिंक पाठवली. त्यांच्याकडे भाजी देणाऱ्या गटातला मी एक. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आमचा पीजीएसचा गट आहे, सात जण. महिन्यातून एकदा एकमेकांच्या शेतावर जातो. युरियाची रिकामी गोणी कुठे दिसली तरी विचारतो. जीवामृत आम्ही २०० लिटरच्या पिंपात करतो. देशी गाईचं १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, दिवसातून दोनदा ढवळायचं. किडीला दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क. हे स्वस्त आहे. महाग काय असेल तर निंदणी. तणनाशक एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम, तेच खुरप्याने करायला चार बाया तीन दिवस. तुमच्या भेंडीच्या वरच्या पैशातला मोठा भाग त्या बायांच्या मजुरीचा आहे.

गिऱ्हाईक का सोडतं ते आम्हालाही कळतं थोडं. जून-जुलैत आमच्याकडे भाजी फार थोडी असते. उन्हाळी भेंडी-चवळी संपते, पावसात माणसं भातलावणीला. त्या दोन महिन्यांत तुम्ही दुसरीकडे वळता, मग गणपतीनंतर परत येत नाही. बाजारात बारा महिने फ्लॉवर-टोमॅटो मिळतो, आमच्या जमिनीत नाही होत.

ताईंकडच्या एक आजी पहिल्या दिवसापासून घेतात. शेतावर आल्या होत्या, बांधावर बसून त्यांनी आमच्या आईकडून अंबाडीची भाजी कशी करायची ते लिहून घेतलं. त्यांनी एकदाही भाव विचारला नाही असं नाही, दर वेळी विचारतात. विचारतात आणि घेतात.

खारघर_१२

दादा, एक मनात आलं ते विचारतो. मी चौदा महिने जे पैसे दिले ते तुमच्यासारख्या कोणापर्यंत पोचले असतील का?

मुरबाड_माळरान

पाकिटातल्या डाळीचं मला सांगता येणार नाही. आमच्याकडून मधल्या माणसाने नेलं तर त्याच्या विक्रीच्या भावातला निम्मा तरी वाटेत जातो. थेट दिलं तर वाहतूक वजा जाता आमचा.

आर्द्रा

जुन्नरकर आणि मुरबाडच्या दादांनी इतकं खुलं लिहिलं, मग मीही झाकून ठेवलेलं सांगते.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात गाडी आणणं शेतकऱ्यांना जमेना. रस्ता, चिखल, लावणी. तेव्हा एका पुरवठादाराने मध्ये पडायची तयारी दाखवली. तो गावातून उचलून आमच्यापर्यंत आणणार. मी हो म्हटलं. दोन महिने छान चाललं. ऑगस्टमध्ये एका रविवारी टोपलीत फ्लॉवर आला. पांढराशुभ्र, एकसारखे गड्डे. मुरबाडला ऑगस्टमध्ये फ्लॉवर? मी दादांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे दोन आठवड्यांत गाडी आलीच नाही. आम्हाला वाटलं तुमच्याकडे मागणी बंद झाली."

दोन आठवडे मी जिन्याखाली बसून घाऊक बाजारातली भाजी सेंद्रिय म्हणून वजन करून देत होते. माझ्या हाताने. त्यातली माझ्या मुलीच्या ताटात गेली, शेजारच्या केमोथेरपी चालू असलेल्या काकूंच्या घरी गेली. त्या संध्याकाळी गटावर सगळं जसंच्या तसं लिहिलं, जादा घेतलेले पैसे परत केले, पुरवठादाराला बंद केलं. आठवड्याभरात १५ घरं गेली. कोणी भांडलं नाही. "अगं, तुझी चूक नाही" म्हणाले आणि यादीत नाव आलं नाही.

हा धागा सुरू केल्यावर मला वाटलं, इथे विचारतेय तर जे गेले त्यांनाच का विचारू नये? गेल्या चार संध्याकाळी मी २९ दारं वाजवली. १५ जणांचं कारण ती ऑगस्टची गोष्ट. ६ जण घर बदलून किंवा मुलं परदेशी गेल्यामुळे. (त्यांना फोन केला.) ४ जणांना रविवारी आठची वेळ जमत नाही, आठवड्यातला तोच एक दिवस झोपायला मिळतो. ३ जण म्हणाले, सारखं लाल माठ, भोपळा, चवळी, मुलं खात नाहीत. भावाचं कारण फक्त एकीने सांगितलं.

मी तीन वर्षं समजत होते की लोक महाग म्हणून जातात. म्हणून दादांशी भावावरून कितीदा घासाघीस केली. त्याचं आज फार वाईट वाटतंय. दादा, माफ करा.

कळवा_पूर्व

आर्द्राताई, तुम्ही दारं वाजवलीत याचं कौतुक वाटतं. पण एक सांगू? भावाचं कारण दारात उभं राहून कोणी सांगत नाही. "रविवारी वेळ जमत नाही" म्हणणं सोपं असतं. त्या चारांतली दोन तरी घरं माझ्यासारखी असतील. त्यांना पूर्ण टोपलीऐवजी दोनच भाज्या घ्यायची सोय द्या. बघा, वेळ जमते का.

आर्द्रा

हे माझ्या लक्षातच आलं नाही. आत्तापर्यंत किमान तीनशे रुपयांची मागणी असा नियम होता, गाडीभाडं निघावं म्हणून. काढून टाकते. भाड्याचं बघू काहीतरी.

रानवाट

आणि लाल माठाचं मी बघते. मी येऊ का एका रविवारी? माठाचे देठ डाळीत, पानं लसणावर, टाकळा कांद्यावर. तिथेच शेगडी लावून करून दाखवीन. आमच्याकडे देठं फेकत नाहीत.

ऐरोलीचा_काका

माझी एक सूचना. गटाने वर्षातून एकदा एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. एका नमुन्याला काही हजार रुपये पडतात, १३ घरांत वाटले तर जड जाणार नाही. सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश नेहमीच्या मर्यादेच्या ५ टक्के किंवा यंत्राला मोजता येणारी किमान पातळी, यांतलं जे जास्त असेल त्याच्या आत असावा लागतो. नमुना कसा काढायचा, कसा बांधायचा ते मी शिकवीन. अहवाल आला की जिन्याखाली चिकटवा, चांगला आला तरी आणि वाईट आला तरी. दादा, तुमची हरकत नाही ना?

मुरबाड_माळरान

हरकत कसली. माझ्या शेताच्या वरच्या अंगाला एकजण तणनाशक मारतो, पावसात त्याचं पाणी माझ्याकडे उतरतं. मी मधे तीन फुटांचा बांध घातलाय आणि गिरिपुष्पाची झाडं लावलीत. ते पुरतं का, मलाही बघायचं आहे. त्या कोपऱ्यातलाच नमुना घ्या.

जुन्नरकर_वाशी

दादा, असं स्वतःहून सांगणारा शेतकरी मी मार्केटला बघितला नाही. तुमचा नंबर आर्द्राताईंकडून घेतो, वडिलांशी बोलायला आवडेल का?

मुरबाड_माळरान

जरूर. लावणीनंतर या दोघं. मुक्कामालाच या.

आर्द्रा

या रविवारी भाजी थोडीच आहे, दादांनी वर सांगितलं तसं. यादी: उन्हाळी भेंडीचा शेवटचा तोडा, चवळीच्या शेंगा, अळू, आणि त्यांच्या पाड्यावरच्या बायकांनी रानातून आणलेली शेवळं आणि काकडं. शेवळांचे पैसे थेट त्या बायकांना जातात, त्यात शेतकरी गटही काही ठेवत नाही. आठ ते साडेदहा बसते, म्हणजे झोपणाऱ्यांनाही जमेल. किमान मागणी नाही.

खारघर_१२

आर्द्राताई, सोसायटीच्या बाहेरचं कोणी आलं तर चालतं का? आई दोन-तीन दिवस शेवळांची आठवण काढतेय. बाबा कोलंबी घालून करायचे, ते घरात तेच करायचे. मला साफ करता येत नाहीत.

रानवाट

ये रे. मी नऊला तिथे असेन. आईलाही आण, करायची कशी ते त्यांनाच विचारू.